पेटी भरल्याची वर्दी

सूचना द्यावी कशी, हे मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याला बाहेरच्या कोणी शिकवायची गरज नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवायचे, त्याला झेंडा बांधायचा, एका काठावर पांढुर्णा आणि दुसऱ्यावर सावरगाव उभे राहायचे आणि दिवसभर गोटमार खेळायची, ही जिथली परंपरा तिथे सूचनांचा दुष्काळ कसा असेल? जमावबंदीचा हुकूम निघतो, भोंगा ओरडतो, गोफण आणू नका म्हणून बजावले जाते, डॉक्टर आणि रुग्णवाहिका आधीच येऊन थांबतात. प्रशासनाने मागे दगडांऐवजी रबरी चेंडूही देऊन पाहिले. सगळ्यांना सगळे नीट ऐकू येते, आणि मग दगड सुरू होतात. तेव्हा ‘लोक सूचना पाळत नाहीत’ ही तक्रार या भागात कोणी केली तर ती मान्यच करावी लागेल. पण ईमेलची पेटी भरल्याच्या सूचनेचे दुखणे वेगळे आहे. ती न पाळण्याइतकीसुद्धा कोणाच्या कानावर पडत नाही. गोटमारीचा हुकूम मोडणाऱ्याला आपण काय मोडतोय हे ठाऊक असते. पेटी भरलेला माणूस बिचारा निरपराध असतो, आणि शिक्षा मात्र त्यालाच होते. याचे कारण लोकांचा आळस नाही, असे माझे म्हणणे आहे. सूचना चुकीच्या जागी, चुकीच्या माणसाला आणि चुकीच्या तोंडाने दिली जाते, हे खरे कारण.

आधी जागेचे पाहू. पेटी भरल्याची सूचना बहुतेक ठिकाणी ईमेलनेच येते. म्हणजे जिथे जागा उरली नाही तिथेच, जागा उरली नाही असे पत्र टाकायचे. हा विनोद कोणी मुद्दाम केलेला नाही, आणि ज्यांच्या हातून तो झाला त्यांना त्याची पुरती कल्पना आहे. डव्हकॉट नावाचे एक फुकट मिळणारे सॉफ्टवेअर मेल साठवायला जगभर वापरले जाते. पेटी ठरावीक टक्के भरली की इशारा पाठवायची सोय त्यात आहे. आणि त्याच्या माहितीपुस्तिकेत जो नमुना दिला आहे त्यात इशाऱ्याचे पत्र आत टाकताना कोट्याचा नियम तेवढ्यापुरता बाजूला ठेवलेला आहे. नाही तर इशाराच दारावरून परत फिरायचा! मायक्रोसॉफ्टच्या एक्सचेंजमध्ये कारभार जास्त शिस्तीचा. कार्यालयाने स्वतःचे आकडे घातले नाहीत तर १.९ जीबीला इशारा, २ जीबीला पत्र पाठवणे बंद आणि २.३ जीबीला पत्र घेणेही बंद, असे तीन टप्पे तिथे मुळातच घालून दिलेले असतात. यातल्या मधल्या टप्प्यावर जरा थांबा. पेटी भरत चालली आहे, लोकांची पत्रे येतच राहणार आहेत, आणि ‘बाबांनो, दोन दिवस काही पाठवू नका’ एवढे कळवण्याची तुमची सोय मात्र काढून घेतलेली आहे. ज्याच्यामुळे भरते ते चालू, ज्याने थांबेल ते बंद. इतकी अचूक उलटी व्यवस्था सरकारी कचेरीलाही सहज जमत नाही.

आपल्याकडच्या साध्या माणसाला हे आकडे कधी दिसले नाहीत, कारण त्याच्या डोक्यात वेगळीच गोष्ट भरवलेली होती. हॉटमेलच्या फुकट पेटीत २००४ सालापर्यंत २ एमबी मावत. आजच्या फोनवरचा एक फोटोसुद्धा तिथे उभा राहूनच गेला असता. त्या काळी पेटी भरणे ही रोजची बाब होती, त्यामुळे ती रिकामी करणे हीही रोजचीच बाब होती. १ एप्रिल २००४ रोजी गुगलने १ जीबीची जीमेल जाहीर केली, तेव्हा तारीख पाहून अनेकांना ती थट्टा वाटली. पुढच्या वर्षी त्याच तारखेला जागा दुप्पट करण्याची घोषणा झाली, आणि जीमेलच्या पहिल्या पानावर एक आकडा आपल्या डोळ्यांदेखत सरकू लागला: तुमची जागा वाढते आहे, अजून वाढते आहे. एका अख्ख्या पिढीला शिकवले गेले की काही फेकायचे नसते, शोधायचे असते. मग मे २०१३ मध्ये मेल, ड्राइव्ह आणि फोटो अशा तिन्ही खोल्यांना मिळून १५ जीबी असा हिशेब झाला, आणि तो आकडा तिथेच थांबला. सरकणारा आकडा थांबल्याची बातमी देणारा आकडा मात्र कोणी लावला नाही. फोटोंची फुकट साठवण १ जून २०२१ पासून याच १५ जीबीत मोजली जाऊ लागली. अँड्रॉइड फोनवरच्या व्हॉट्सअॅपचा बॅकअप आधी हिशेबाबाहेर होता, तोही २०२४ मध्ये याच हिशेबात आला. कोटा तेवढाच, पण खाणारी तोंडे तीन-चार. या अवधीत फोनचे कॅमेरे कुठल्या कुठे गेले. चांगल्या फोनवर फोर-के व्हिडिओचे एक मिनिट साधारण तीनशे-चारशे एमबी खाते. या दराने पाऊण तासात सगळा कोटा संपतो. एवढ्या वेळात गोटमारीचा झेंडाही तुटत नाही.

आता परिणाम बघा. पेटी भरते ती मेलने नव्हेच. भरते काकांच्या सुप्रभाताने, संत्र्याच्या बागेत बहर कसा धरला हे व्यापाऱ्याला दाखवायला काढलेल्या व्हिडिओने, जामसावळीच्या पहुडलेल्या मारुतीच्या दर्शनाने, लग्नाच्या वरातीने. हे सगळे फोनवरून गुपचूप वर चढते, जागा अडवते, आणि मग कंपनी हात घालते तो मेलवर. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. वर्षातून चार पत्रे ज्या पेटीत यायची, ती चार पत्रे अडतात. त्यातले एक परीक्षेच्या प्रवेशपत्राचे असते.

आणि या भागात ईमेलची पेटी असते कोणाची, हेही पाहिले पाहिजे. पांढुर्णा-सौंसरच्या बाजारात ऑनलाईनच्या दुकानात दुपारी अर्धा तास कोणीही उभे राहावे. भरतीचा फॉर्म भरायला पोरगा येतो. दुकानदार विचारतो, “मेल आयडी आहे काय रे?” पोरगा म्हणतो, “आहे ना भाऊ, तुम्हीच तर बनवला होता मागच्या साली.” “पासवर्ड?” “तोही तुमच्याचपाशी असन.” दुकानदार वही उघडतो. त्या वहीत गावातल्या निम्म्या पोरांच्या नावापुढे ‘अॅट एकशे तेवीस’ लिहिलेले असते, आणि पासवर्ड विसरल्यास कळवायचा मोबाईल नंबर म्हणून दुकानदाराचाच नंबर दिलेला असतो, कारण त्या दिवशी पोराच्या फोनमध्ये बॅलन्स नव्हता. याच पोराला राज्य सरकारच्या ‘समग्र’ नोंदणीचा आयडी तोंडपाठ असतो, कुटुंबाचा आठ आकड्यांचा आणि स्वतःचा नऊ आकड्यांचा, कारण तो रोज कुठे ना कुठे विचारला जातो. ईमेल कोणी विचारत नाही. फॉर्ममधला लाल तारा विचारतो. मोठ्या माणसांचे तर त्याहून सोपे. फोन विकत घेतला त्या दिवशी दुकानदारानेच खाते उघडून दिले, कारण त्याशिवाय प्ले स्टोअर उघडत नव्हते. त्यांच्या लेखी ते खाते म्हणजे फोन चालू करण्याची किल्ली आहे. त्या किल्लीला एक पत्रपेटीही लटकलेली आहे हे त्यांना कोणी सांगितलेलेच नाही. अशा पेटीत इशाऱ्याची दहा पत्रे टाकली काय आणि शंभर टाकली काय?

आता पेटी खरोखर भरल्यावर काय होते ते पाहू, कारण खरी करमणूक तिथे आहे. परीक्षा घेणाऱ्या संस्थेचे यंत्र प्रवेशपत्राची सूचना पाठवते. पेटी सांभाळणारे यंत्र दारातूनच कळवते: कोटा संपला. या उत्तराला क्रमांकसुद्धा आहे, ५५२, आणि तो जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहिलेल्या मेलच्या नियमावलीपासून चालत आला आहे. कधी कधी यंत्र जरा मवाळपणे ४५२ म्हणते, म्हणजे सध्या जागा नाही, थोड्या वेळाने पाहा. मग पाठवणारे यंत्र थोड्या थोड्या वेळाने दार वाजवत राहते. नियमावलीचा सल्ला असा की चार-पाच दिवस तरी हार मानू नये. त्यानंतर मेलर-डेमन नावाचा एक इसम पाठवणाऱ्याला खेदाचे पत्र लिहितो. पण पाठवणारा कोण? ‘या पत्त्यावर उत्तर देऊ नये’ असे पत्त्यातच लिहिलेला. म्हणजे एका यंत्राने दुसऱ्याला तळमळीने कळवले, दुसऱ्याने चार-पाच दिवस पाठपुरावा केला, तिसऱ्याने सखेद निवेदन दिले, ते कोणी न उघडणाऱ्या पेटीत जाऊन पडले. पत्रव्यवहार पूर्ण झाला. या सगळ्या धावपळीत ज्याचे प्रवेशपत्र होते त्याला एक अक्षर कळले नाही, आणि नियमाने पाहिले तर कोणाचीच चूक नाही. ४३ वर्षांहून जुन्या क्रमांकाने आपले काम चोख बजावले.

यावर पहिला आक्षेप येईल तो कंपनीच्या बाजूने, आणि तो खोटा नाही. सूचना केवळ मेलने देत नाही, खाते उघडले की वर पट्टी दिसते, फोनवरही संदेश येतो, आणि कोटा ओलांडून दोन वर्षे झाली तरच साठवलेले पुसले जाऊ शकते, तेही तीन महिने आधी कळवून. सगळे खरे. पण ती पट्टी वाचा. जागा संपत आली एवढे सांगून ती थांबत नाही. १०० जीबी घ्या, महिना १३० रुपये, वर्षाचे एकदम भरा, पहिले काही दिवस स्वस्तात. जी सूचना शेवटी पैसे मागते तिला आपल्या देशात सूचना म्हणत नाहीत, जाहिरात म्हणतात. आणि जाहिरात बाजूला सारायला आपला अंगठा डोळे मिटूनही तयार असतो. शिवाय ‘स्टोरेज फुल’ असे दिसले की माणूस करतो काय? सरळ मोबाईलच्या दुकानात जाऊन मेमरी कार्ड टाकून घेतो. कार्ड फोनच्या पोटात जाते, भरलेली असते ती दूरच्या कुठल्या सर्व्हरवरची खोली. पाचशे रुपये खर्चून पेटी होती तिथेच राहते, आणि आता इशारा परत दिसला तर दुकानदाराला शिव्या बसतात.

त्यातही कळस म्हणजे चोरांनी या सूचनेचा चेहरा केव्हाच पळवला आहे. ‘तुमची पेटी भरली आहे, चोवीस तासांत खाते बंद होईल, इथे दाबा’ हे पासवर्ड चोरणाऱ्यांचे जुने आणि आवडते आमिष. खऱ्या इशाऱ्याची पट्टी, रंग, लाल टक्केवारी, सगळे हुबेहूब. फरक एवढाच की चोरांची भाषा जास्त निकडीची आणि पुष्कळदा जास्त सोपी असते. बँका सांगतात, पोलीस सांगतात, अनोळखी दुव्यावर बोट ठेवू नका, फसलात तर १९३० वर फोन करा. मग शहाण्या माणसाने पेटी भरल्याचे पत्र आले की काय करावे? पुसून टाकावे. म्हणजे सावध राहा म्हणणाऱ्यांचे ज्याने ऐकले त्याचीच पेटी आधी भरून वाहणार, आणि भाबडा दाबत सुटणार. शहाण्याला शब्दाचा मार ही म्हण इथे निराळ्याच अर्थाने खरी होते.

दुसरा आक्षेप आपल्यातलेच लोक घेतील: आपली पेटी आपण नको का बघायला? घर आपले, झाडू आपला. कंपनी फुकट जागा देते, वर तिनेच येऊन झाडूनही द्यावे काय, राजेहो? हे बोलणे ऐकायला मर्दानी आहे, पण पोटात एक गफलत आहे. आपल्या मर्जीने जे भरतो त्याची जबाबदारी आपली, यात वाद नाही. इथे भरणे आपोआप होते. बॅकअपची कळ फोनच्या पहिल्या दिवशी कोणीतरी ‘पुढे, पुढे, मान्य’ करीत दाबलेली असते. भरण्याला परवानगी एकदाच पुरते आणि रिकामे करायला मात्र दर वेळी माणूस लागतो, असा सौदा असेल तर कळवण्याची जबाबदारी भरणाऱ्या यंत्राचीच. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला बसवतात तो भोंगा पाहा: टाकी भरली की तो खाली स्वयंपाकघरात ओरडतो, जिथे मोटरचे बटण आहे. टाकीत बसून ओरडणारा भोंगा अजून कोणी विकायला काढलेला नाही.

माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर गावाकडे फार पूर्वीपासून तयार आहे. मध्य प्रदेशाच्या १९५९ च्या भू-राजस्व संहितेत कलम २३० कोटवाराच्या नेमणुकीचे आहे. पटवाऱ्याचे येणे असो वा लसीकरणाचे शिबिर, कोटवार गावात फिरून ओरडून सांगतो. त्याच्या कामात तीन गोष्टी आपसूक येतात. माणूस जिथे आहे तिथे तो जातो, माणसाच्या बोलीत बोलतो, आणि बोलून झाल्यावर काही विकत नाही. दवंडीखाली ‘अधिक माहितीसाठी इथे दाबा’ नसते. आणि हे केवळ जुन्या काळचे गुणगान नव्हे. २०२० साली कोणालाही फोन लावला की आधी खोकला ऐकू यायचा आणि मग कोविडची सूचना. लोक वैतागले, त्यावर हजार विनोद झाले. पण हात धुवा हे ऐकले नाही असा माणूस देशात सापडला नसता. सायबर चोरांविरुद्धची सूचनाही पुढे अशीच फोनच्या घंटेआधी वाजू लागली, तीही अमिताभ बच्चन यांच्या आवाजात. सरकारला पुरते कळले होते की सूचना रोगाच्या वाटेने पाठवायची नसते, माणसाच्या वाटेने पाठवायची असते.

एसएमएसचाही पूर झालाच आहे, त्यात आणखी एक कशाला, असे कोणी म्हणेल. पूर आहे हे कबूल. पण त्या पुरातही बँकेतून पैसे गेल्याचा एसएमएस प्रत्येक जण उघडतो, कारण त्यात आकडा असतो, आपल्या खात्याचे शेवटचे चार अंक असतात आणि विकायला काही नसते. पेटी भरल्याचा एसएमएसही असाच कोरडा हवा: अमुक खाते ऐंशी टक्के भरले, त्यातले इतके फोटोंचे, इतके व्हॉट्सअॅपचे, इतके मेलचे, शंभर झाले की पत्रे परत जातील. भाषा खातेदाराने निवडलेली, मराठी किंवा हिंदी. दुवा एकही नको, दरपत्रक नको. दुवा नसला की चोराला नक्कल करून काही मिळत नाही, आणि दरपत्रक नसले की वाचणाऱ्याचा अंगठा दोन क्षण थांबतो. आणि परीक्षा घेणाऱ्या संस्थांनी ५५२ क्रमांकाचे उत्तर कचऱ्यात न टाकता त्या उमेदवाराच्या मोबाईलवर एक ओळ पाठवावी. फॉर्ममध्ये लाल तारा लावून मोबाईल नंबरही घेतलेला असतोच. तो निकालाच्या दिवसापुरता जपून ठेवायची वस्तू नाही.

कंपन्या हे करतील तेव्हा करतील. तोवर पांढुर्णा-सौंसरकडच्या ऑनलाईनवाल्या भावांना एक विनंती आहे. फॉर्म भरायला पोरगा आला की खात्यात नंबर त्याचाच टाका, बॅलन्स नसेल तर दहा रुपयांचा तुम्ही मारा आणि फॉर्मच्या पैशात जोडा. पासवर्ड त्याच्याच हाताने त्याच्या वहीत लिहून घ्या. आणि जाता जाता त्याच्या फोनवर व्हॉट्सअॅपच्या बॅकअपमधला व्हिडिओचा पर्याय बंद करून द्या. एवढ्याला तीन मिनिटे लागतात. त्याचे वेगळे पाच रुपये घेतलेत तरी कोणी हरकत घेणार नाही.